छातीवरचा शेणकिडा

कल्पना करा, तुम्हाला एका जिवंत माणसाची ममी करायची आहे.

माणूस लाकडी बाकावर उताणा पडलाय. तुमच्या हाताशी पाटीभर पट्ट्या आहेत. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या, म्हणजे तीन हजार वर्षं जुन्या दिसाव्यात. सुरुवात पायाच्या बोटांपासून करायची. पट्टी जास्त ताणली तर पायाला मुंग्या येणार. सैल सोडली तर ऐन वेळी सुटून ममीची चड्डी दिसणार आणि लोक हसणार. गुडघ्यापर्यंत आलात की दुसरा थर घ्यायचा. थरांच्या मध्ये ताईत ठेवत जायचे. पोटावर निळा डोळा, गळ्याशी तांबडी गाठ, मानेखाली छोटीशी उशी आणि छातीवर, डावीकडे, तळहाताएवढा हिरवा किडा. सगळे प्लास्टरचे. नाकावर जाळीचं कापड टाकायचं, श्वास चालला पाहिजे पण दिसता कामा नये. आणि उजवा हात मोकळा ठेवायचा. वरून बांधल्यासारखा दिसायला हवा, पण आतल्या आत खांद्यापर्यंत वर गेला पाहिजे. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकायचं नाही.

हे करताना तो माणूस गप्प बसेल, असंही समजू नका. "नाक खाजव गं जरा. तिथं न्हाई, वर. अजून वर. हां. आता डावीकडं." असं त्याचं चाललेलं असतं.

जयमाला हे काम दोन वर्षं रोज सकाळी करत होती. बाकावरचा माणूस तिचा नवरा, सम्राट.

शिर्डीत एका हॉटेलच्या मागे पत्र्याची मोठी शेड आहे. बाहेर फ्लेक्स लावलेला, 'इजिप्त दर्शन – बोलणारे ताईत, उठणारी ममी'. दर्शनाच्या पासवर उशिराची वेळ पडलेले भाविक तोवर करायचं काय म्हणून आत शिरतात. कुणाच्या हातात चपलांची पिशवी, कुणाच्या कडेवर झोपलेलं पोर. थर्माकोलचे पिरॅमिड, भिंतीवर कोल्ह्याच्या तोंडाचा देव आणि मधोमध सोनेरी रंगाची फायबरची शवपेटी. सृष्टी नावाची राहात्याची मुलगी, इतिहासाची पदवीधर, सगळ्यांना माहिती सांगते. मराठीत, हिंदीत आणि कामापुरती तेलुगूत. माहिती संपली की हातातल्या रिमोटचं बटण दाबते. दिवे मंद होतात, मोटर घुरघुरते, पेटीचं झाकण वर जातं आणि सम्राट कण्हत उठून बसतो. लोक किंचाळतात, मग हसतात, मग फोटो काढतात.

शोचे मालक काकासाहेब. त्यांनी नोकरी देतानाच स्पष्ट सांगितलं होतं. "मला जोडी पायजे. एकट्या मानसाला पेटीत घातला की चार दिवसांत पळून जातो. बायको भायेर उभी असली की पळत न्हाई." मग सम्राटचं नाव विचारलं आणि मांडीवर थाप मारली. "सम्राट! आरं, तुझ्या बापानं नाव तर आधीच ठिवून ठिवलंय!"

नाव आबांनी, म्हणजे वडिलांनी, सम्राट अशोकावरून ठेवलं होतं. ते इजिप्तच्या कुठल्याशा राजाच्या मढ्याला लागू पडेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण काकासाहेबांनी शेडच्या मागची खोली राहायला दिली. मुलीला, प्रज्ञाला, जवळच्याच शाळेत प्रवेश मिळाला. जयमाला आधी एका दवाखान्यात ड्रेसिंगला मदतनीस होती, पट्ट्या बांधण्यात तिचा हात बसलेला. आणि सम्राट अरुंद जागेत शिरायला कधी मागेपुढे पाहत नसे. सगळं जुळून आलं.

निदान सगळे तसं म्हणायचे.

सम्राट आधी साखर कारखान्यावर कंत्राटी फिटर होता. गाळप हंगाम संपला की रस आटवायच्या उभ्या टाक्या साफ कराव्या लागतात. माणूस आत उतरतो आणि नळ्यांना चिकटलेला चुन्यासारखा थर खरवडत बसतो. आत उकाडा, अंधार, कान फुटतील असा आवाज. बाकीचे तोंड चुकवायचे. सम्राट विडी विझवल्यासारखा सहज आत उतरायचा. गावात म्हणच पडली होती, सम्राटला भीतीच न्हाई.

एका दुपारी बाकीचे भाकरी खायला गेले. आत कुणी नाही असं समजून कुणीतरी टाकीचं झाकण लोटून दिलं. सम्राट आतून खरवडणीने नळ्या ठोकत राहिला. किती वेळ, ते त्याला आजही सांगता येत नाही. झाकण निघालं तेव्हा तो हसत बाहेर आला. "आरं, मला वाटलं तुमी माझी पन साखर करताय का काय!" सगळे हसले. पुढच्या हंगामाला तो गेला नाही. कंत्राट संपलं म्हणाला. जयमालालाही तेच सांगितलं.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. भीतीला त्याच्या घरात जागाच नव्हती.

आबा, म्हणजे सहादू, कोल्हारच्या अलीकडे प्रवरेकाठच्या गावात राहायचे. त्यांच्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आबा लहान पोरगा होते. घरातले देवांचे टाक, मुंज्याचा दगड, अंगारे, गंडे, पोरांच्या गळ्यातले ताईत, सगळं एका पाटीत भरलं आणि पाटी आबांच्या डोक्यावर दिली. नदीच्या पाण्यात ती आबांनी स्वतः पालथी केली. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आबा तापाने फणफणले. त्यांची आई रडायला लागली, आळीतल्या बाया म्हणाल्या, ताईत काढल्याचं फळ. बाप पोराला खांद्यावर टाकून चालत दवाखान्यात घेऊन गेला. ताप उतरला.

ही गोष्ट आबांनी सम्राटला हजारदा सांगितली असेल. शेवट नेहमी एकच. "मी जित्ता हाय का न्हाई? मंग झालं तर. भ्यालेला मानूस बांधतो, लेका. आपन बांधत न्हाई."

आता अशा बापाचा मुलगा पेटीत झोपल्यावर घाबरतो, हे तो कुणाला सांगणार? आणि पेटी सोडायची म्हटलं तर खोली सुटते, जयमालाचं काम सुटतं, पोरीची शाळा सुटते. काकासाहेबांना जोडी हवी होती. दोघं आत आले होते, बाहेर पडायचं तर दोघांनाही पडावं लागणार.

तेव्हा सम्राटने आपली एक युक्ती काढली होती. झाकण बंद झालं की डोळे मिटायचे आणि सृष्टीच्या आवाजाला धरून राहायचं. जाड फायबरमधून तिचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं यायचं, पण शब्द कळायचे. आधी नाईल नदी. मग मेंदू कसा नाकातून बाहेर काढायचे ते. तिथे पोरं हमखास "शीऽ" म्हणायची. मग पट्ट्या. मग ताईत एकेक करून. शेवटचा तो हिरवा किडा.

"हा आपला शेणकिडाच आहे बरं का," सृष्टी सांगायची. "शेणाचा गोळा ढकलत नेतो ना, तोच. इजिप्तच्या लोकांना वाटायचं, सूर्यालाही असाच कुणीतरी ढकलत वर आणतो. म्हणून हा पुन्हा उगवण्याचा ताईत. पण छातीवर तो ठेवायचे त्याचं कारण वेगळंच होतं. मेलेल्या माणसाचा तिथे न्याय व्हायचा. तराजूच्या एका पारड्यात त्याचं काळीज, दुसऱ्यात एक पीस. म्हणून शरीरातलं बाकी सगळं काढायचे, पण काळीज आत ठेवायचे. आता भीती अशी, की काळजाने तिथे मालकाविरुद्धच साक्ष दिली तर? तर हा किडा काळजाला दाबून सांगायचा, की बाबा, तू गप्प बस."

इथे लोक हसायचे. आणि आत सम्राट मोठा श्वास घ्यायचा, कारण शेणकिडा आला म्हणजे आता मोटर घुरघुरणार, झाकण उघडणार. शेणकिडा हेच त्याचं घड्याळ होतं.

सोबतीला एक दोरी होती. झाकणाच्या आतून त्याच्या उजव्या खांद्यापाशी लोंबणारी. ओढली की शेजारच्या खोलीत जयमालापाशी घंटा वाजे. काही गडबड झाली तर असावी म्हणून. दोन वर्षांत त्या दोरीला त्याने हात लावला नव्हता. पण हात तिच्यापर्यंत पोचतो, एवढं माहीत असणं पुरे होतं.

जयमालाला त्याने काही सांगितलं नव्हतं. पण रोज सकाळी छातीवर तो किडा ठेवायचा म्हणजे तिचा तळहात तिथे टेकायचाच. दवाखान्यात राहून तिला माणसाच्या अंगाची भाषा कळत होती. बाकावर झोपून नवरा थट्टामस्करी करत असायचा आणि तिच्या हाताखाली त्याचं काळीज पिंजऱ्यातल्या पाखरासारखं आपटत असायचं.

"अवो, बरं वाटतंय ना?" ती विचारायची.

"लई झ्याक. राजा हाय मी."

ती पट्टी घ्यायची आणि किडा घट्ट बांधून टाकायची.

श्रावणातल्या एका गुरुवारी हे सगळं उलटलं. गुरुवारी शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते, शेडही सकाळपासून भरलेली. पट्ट्या बांधताना जयमाला नेहमीपेक्षा गप्प होती. उजव्या दंडाला काहीतरी टोचलं तसं सम्राटने विचारलं, "आज दंडाला काय बांधलंस गं? खडा हाय का काय?"

"नवा ताईत हाय. सृष्टीताईंनी दिलाय."

"त्यांच्या राजाचा दंड पन दुखायचा का?"

"गप पडा. हात हलतोय का बघा."

सम्राटने उजव्या हाताची बोटं हलवली. पाचही हलली. "हलतोय," तो म्हणाला.

झाकण बंद झालं. पहिला शो झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात सृष्टी शेणकिड्यापर्यंत आली, लोक हसले, सम्राटने मोठा श्वास घेतला. मोटरचा आवाज काही येईना.

बाहेर एकदम "ओऽ" असा गलका झाला. लाईट गेली होती. हे नेहमीचंच. थोड्या वेळात जनरेटरची धडधड सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता उघडेल. सम्राट वाट पाहत राहिला. बटणाचा टिकटिक आवाज त्याला पुसट ऐकू आला. एकदा, परत, परत. झाकण हललं नाही. वीज जाता-येता मोटरचं काहीतरी जळालं होतं.

"तोपर्यंत आपण ताईत पुन्हा एकदा बघू या," सृष्टीचा हसरा आवाज आला. "हा निळा डोळा…"

ती परत डोळ्यापासून सुरू झाली होती. म्हणजे परत गाठ, परत उशी, परत शेणकिडा. सम्राटचं घड्याळ उलटं फिरायला लागलं. हवा तेवढीच होती, जाळीचं कापड तेच, पण नाकात एकाएकी भाजलेल्या चुन्याचा वास आला. कारखान्याच्या टाकीतला. त्याने स्वतःला समजावलं, अरे, दोरी आहे. ओढ की.

हात उचलला. उचलला म्हणजे उचलायचा हुकूम दिला. बोटं हलली. मनगट थोडं वळलं. पण दंड छातीशी जखडलेला होता. मोडक्या खांद्याला बांधतात तसा. दोरी त्याच्या कानाशी लोंबत होती. मान वळवली की गालाला लागायची. आणि दंडातला तो खडा, हिसका दिला की अजून खोल रुतायचा.

"…आणि हा आपला शेणकिडाच आहे बरं का…"

मग सम्राट ओरडला. ममी कण्हते तसा नाही. आडात पडलेला माणूस ओरडतो तसा. "उघडा! आरं उघडा कोनीतरी! जयमालेऽ!"

बाहेर हशाचा लोट उसळला.

"ममी मराठी बोलते रे!" एकजण म्हणाला.

"बायकोला हाक मारतीय! तीन हजार वर्षं झाली तरी बायकोच!"

टाळ्या, शिट्ट्या. सम्राट जितका ओरडे तितक्या टाळ्या वाढत होत्या. त्याने डोकं झाकणावर आपटलं. "वन्स मोर!" कुणीतरी ओरडलं. छातीवरच्या किड्याखाली काळीज असं धडकत होतं, की त्याला वाटलं आता प्लास्टरच फुटणार. एवढ्या लोकांत काळजाची साक्ष चालली होती, आणि कुणाला कळत नव्हतं.

"सरका! अवो बाजूला सरका!"

तो आवाज मात्र जयमालाचा होता. पेटीमागे काहीतरी खणखणलं. मोटरचा दांडा झाकणाला जोडणारी खीळ तिने ठोकून काढली होती. झाकण एका बाजूने उचकटलं, उजेडाची चीर आली, मग सगळा उजेड. तिच्या हातात ड्रेसिंगची कात्री होती. पोटापासून गळ्यापर्यंत तिने पट्ट्या टराटरा कापल्या, निळा डोळा आणि तांबडी गाठ खाली पडून फुटली. शेवटी दंड मोकळा केला तेव्हा काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी नळी पट्ट्यांतून घरंगळली आणि फरशीवर टणकन वाजली.

प्लास्टर असं वाजत नाही.

लोक मोबाईल उंचावून उभे होते. सृष्टी पुढे झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड सवयीने चालू राहिलं. तिने नळी उचलून दाखवली. "आणि हा… हासुद्धा एक रक्षणाचा ताईत."

पुढच्या रांगेतल्या एका तेलुगू आजींनी ती नीट पाहिली. मग पदर बाजूला करून स्वतःचा दंड दाखवला. तिथे हुबेहूब तशीच नळी होती. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळचे शो रद्द झाले. शेडमागच्या नळापाशी सम्राट दगडावर बसला होता आणि जयमाला त्याच्या पायाच्या पट्ट्या सोडवत होती. काकासाहेब आले ते हसतच.

"लेका, आज काय काम केलंस! लोक भायेर जाऊन दुसऱ्यांना सांगत्यात. मोटर उद्या सकाळी नीट हुईल. आन् आता रोज असंच वरडायचं बरं का. बायकोच्या नावानंच. ते लई चाललं."

"काका, ते खरं हुतं," सम्राट म्हणाला.

"तेच तर म्हनतो! खरं वाटलं पायजे!" त्याच्या खांद्यावर थाप मारून ते गेले.

जयमाला दुसऱ्या पायाच्या पट्टीला लागली.

"कुनी दिला?" सम्राटने विचारलं.

"आईनं." तिची आई, चांगुणाबाई, मागच्या आठवड्यात येऊन गेली होती. "ती म्हनाली, जित्त्या मानसाला रोज मढ्यासारखं गुंडाळतीस, एखाद्या दिवशी खरंच गुंडाळशील. पीराचा हाय."

"आबांच्या घरात ताईत आनलास."

"घरात कुठं? तुमच्या दंडात."

"आन् हात का जखडलास?"

जयमालाचे हात थांबले. "फुगवटा दिसत हुता. तुमाला कळू नये म्हनून वरनं दोन येढे जास्त घेतले. दवाखान्यात खांद्याला घ्यायचो तसे. बोटं हलत्यात म्हनालात, मला वाटलं झालं." ती खाली मान घालून बोलत होती. "तुमचं वरडनं मला ऐकू आलं हुतं. पहिल्यापास्नं. मी म्हनलं, घंटा तर वाजंना, मंग नाटक करत असत्याल. घंटेकडं बघत बसले मी. मंग एकदम ध्येनात आलं, घंटा वाजनार कशी."

तिने शेवटची पट्टी गुंडाळून पाटीत टाकली.

"तुमी भिता," ती म्हणाली. "मला ठावं हाय. रोज हात ठेवते मी छातीवर. तुमी तोंडानं राजा म्हनता आन् आत पार धडधड चाललेली असती. तुमी कवा बोलाल म्हनून दोन वर्षं वाट बघितली. बोलला न्हाईत. मंग मी काय करायचं हुतं? बांधला."

तेवढ्यात मोबाईल वाजला. आबांचा फोन.

व्हिडिओ गावात पोचला होता. कुणीतरी पारावर आबांना दाखवला होता. "लई वरडलास रं," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "त्यात तुझ्या दंडातनं काय पडलं?"

उत्तर तयार होतं. सृष्टीने ते आधीच देऊन ठेवलं होतं: इजिप्तचा ताईत, शोमधला. एवढं म्हटलं की आबा हसले असते, उद्या पारावर सगळ्यांना सांगितलं असतं आणि सम्राट पुन्हा तोच राहिला असता, भीती नसलेला. जयमाला नळाखाली हात धरून उभी होती, पाणी वाहत होतं, पण ती हात चोळत नव्हती.

"ताईत हाय, आबा," सम्राट म्हणाला. "खराखुरा. आन् मी लई भ्यालो हुतो. आजच न्हाई. रोज भितो. कारखान्यात टाकीत कोंडलो हुतो तवापास्नं."

पलीकडे कुणाची तरी गाय हंबरली.

"कुनी बांधला?"

"जयमालानं."

"तुला इचारून?"

"न्हाई."

"मंग तो तुझा कुठं हाय? तिचा हाय." आबा खाकरले. "माझ्या बापानं आपली पाटी सोताच्या हातानं भरली हुती. लोकाच्या घरची न्हाई भरली. तुला नको आसंल तर तिला माघारी दे. फेकू नको." मग आवाज वर चढला. "आन् एवढा भितोस तर त्या पेटीत निजतोस कशाला? निघ की भायेर!"

"कुठं जाऊ, आबा?"

"जेवलास का?" त्यांनी विचारलं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर दुरुस्त करणारा यायच्या आधी सम्राट ड्रिल मशीन घेऊन पेटीत उतरला. झाकणाच्या आतून त्याने दोन कड्या बसवल्या. कुठलीही ओढली की दांड्याची खीळ निसटेल आणि झाकण हाताने लोटता येईल. उजव्या हाताशी एक, डाव्या हाताशी एक. तळाला, सोनेरी नक्षीत दिसणार नाहीत अशी, हवेला भोकंही पाडली. काकासाहेब बघून म्हणाले, "ममी पळून जायची वाट केली काय रं?"

"व्हय," सम्राट म्हणाला. "आन् काका, मी वरडनार न्हाई. खरंच वरडलो तर कुनी यायला पायजे."

काकासाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण पुन्हा विषय काढला नाही. दुसरी जोडी मिळणं सोपं नव्हतं.

जयमाला पाटी घेऊन आली. बाकावर झोपण्याआधी सम्राटने खिशातून काळा दोरा काढला. "हात कर." तिने हात पुढे केला. त्याने पितळी नळी तिच्या दंडाला बांधली. गाठ नीट बसेना, तेव्हा तिनेच दाताने दोरा धरून ओढला. मग तो उताणा झाला आणि ती पायाच्या बोटांपासून सुरू झाली.

छातीपाशी आल्यावर तिचा तळहात नेहमीसारखा टेकला.

"कसं हाय?" तिने विचारलं.

"धडधडतंय. तुला कळतंय ना."

"कळतंय."

तिने किडा ठेवला, पण या वेळी सैल. उजवा हात खांद्यापर्यंत वर नेऊन पाहायला लावला. मग डावा.

सृष्टी आत डोकावली. "सम्राटदादा, उघडायचं का गेट? लोक थांबलेत."

"सृष्टीताई, एक इचारायचं हुतं. ते ताईत बांधायचे तवा तिथं कोन कोन असायचं?"

"पुरोहित असायचे. मंत्र म्हणत म्हणत थराथरात ठेवायचे. सगळ्यांची नावं, जागा, रंग, सगळं सापडलंय आता."

"आन् मेलेल्याला काय पायजे हुतं, ते सापडलंय का?"

सृष्टीने डोळे बारीक केले. "म्हणजे? तो मेलेला होता ना दादा." मग बाहेरून कुणीतरी हाक मारली तशी ती गेली.

झाकण खाली आलं. अंधार झाला. सम्राटने आधी डावी कडी चाचपली, मग उजवी. दोन्ही होत्या. तरी काळीज उडतच होतं. ते काही थांबायचं नाही, हे त्याला आता ठाऊक होतं. तळाच्या भोकांतून फरशीचा गार वारा पाठीला लागत होता. बाहेर नाईल नदी सुरू झाली. शेणकिडा यायला अजून खूप अवकाश होता.

तोवर तो त्या दुसऱ्या माणसाचा विचार करत राहिला. तीन हजार वर्षांपूर्वी, कुठल्याशा वाळवंटात, असाच गुंडाळलेला. त्याच्याही छातीवर किडा होता. त्याचं काळीज गप्प बसावं असं त्याला स्वतःला वाटत होतं, की बाहेर उभ्या असलेल्यांना? आणि तो जिवंत होता तोवर, कुणी एकदा तरी त्याच्या छातीवर हात ठेवून 'कसं हाय?' म्हणून विचारलं होतं का?